एकतीस नंबरचा गुडघा

इसोबे फुमिए यांच्या घरात लग्नाच्या चौतीस वर्षांत एकदाही नात्तो आलेला नाही. आंबवलेल्या सोयाबीनचा हा चिकट, तारा सुटणारा प्रकार जपानमधल्या तोयामात घरोघरी सकाळच्या गरम भातावर घालतात आणि म्हातारी माणसं आपल्या वयाचं श्रेय त्याला देतात. इसोबेबाईंच्या उंबऱ्याच्या आत मात्र त्याला बंदी. त्यांचे मालक हिदेओ बस डेपोतून निवृत्त झालेले, एरवी बायकोच्या शब्दाबाहेर नसलेले गृहस्थ. पण महिन्यातून एकदा 'जरा सोंगट्या खेळून येतो' म्हणून ते मित्राकडे जातात, तिथे दोन वाट्या नात्तो हाणतात आणि येताना सार्वजनिक हमामात अंग खसखसून घासून मगच घर गाठतात. बाईंना वासावरून सगळं कळतं. इतरांचे नवरे ज्यासाठी असे चोरून जातात त्यापेक्षा हे बरं, असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या.

बंदीचं कारण बाईंची नोकरी. नात्तोतला जंतू महाचिवट. उकळत्या पाण्याला दाद देत नाही, साबणाला जुमानत नाही, आणि बाहीवर बसून एकदा का उबेच्या खोलीत शिरला की तिथल्या बाकीच्या सगळ्या जिवांचा फडशा पाडतो. बाईंचा जन्म अशाच उबेच्या खोल्यांत गेला. आधी सव्वीस वर्षं साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्या एका जुन्या कारखान्यात, वाफवलेल्या तांदळावर बुरशी धरवायच्या कामावर. गुडघे टेकून बसायचं, तांदूळ हाताने उलथायचा, कुठे तापलाय आणि कुठे निवलाय ते तळहाताला विचारायचं. मग कारखानदाराच्या घराण्यातल्या शेवटच्या चिरंजीवांना साकेपेक्षा कॉफीचं दुकान जास्त सुसंस्कृत वाटू लागलं आणि पन्नासाव्या वर्षी बाई घरी बसल्या.

नेमकी तेव्हाच शहराबाहेर ही कंपनी आली. तिचा धंदा मोडलेले गुडघे दुरुस्त करण्याचा. अपघातात गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांवरची गुळगुळीत गादी, उखडली, खालच्या हाडालाही खळगा पडला, की इस्पितळातले डॉक्टर त्याच गुडघ्याच्या एका कोपऱ्यातून, जिथे शरीराचा भार येत नाही तिथून, तुरीच्या दाण्याएवढा कूर्चेचा तुकडा काढून कंपनीकडे धाडतात. कंपनी त्यातल्या पेशी सुट्या करून पाच आठवडे उबेच्या कपाटात वाढवते, मग त्या हाडासारख्या सच्छिद्र पांढऱ्या वडीवर बसवते, आणि ती वडी परत त्या खळग्यात जाते. खालून हाड तिला धरतं, वरून नवी कूर्चा येते. कंपनीच्या माहितीपत्रकात असं छापलेलं आहे, आणि माहितीपत्रकात छापलेलं खरं असल्याची अशी उदाहरणं मी फार पाहिलेली नाहीत.

पत्रकात जे छापलेलं नाही ते असं, की पहिले सहा महिने कंपनीतल्या पेशी पटापट मरत होत्या. चार डॉक्टरेट झालेले विद्वान त्यांच्या मरणावर उत्तम निबंध लिहीत होते. इसोबेबाई तेव्हा बाहेरच्या मार्गिकेत फरशी पुसायला होत्या. एके दिवशी काचेतून आत बघत त्या पुसता पुसता म्हणाल्या, की आतली मंडळी उपाशी नाहीत, गारठली आहेत. कपाटाचं दार फार वेळ उघडं राहतंय. विद्वान हसले. मग त्यांनी दार उघडं राहण्याचा वेळ मोजला आणि हसायचे थांबले. पुढच्या महिन्यात बाईंना प्रशिक्षणाला पाठवलं, दोन थरांचे पांढरे कपडे चढवले आणि काचेच्या आत घेतलं.

त्यानंतर काय झालं, तर पेशी जगायला लागल्या. चौघांनी महिनाभर बाईंच्या मागे उभं राहून त्यांच्या हातांच्या हालचाली टिपल्या आणि दोनशे चौदा पानांची कार्यपुस्तिका लिहिली. बाटली किती अंशात कलती करावी, किती सेकंद थांबावं, सगळं त्यात आहे. अवघड जागी मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं: 'पेशींची स्थिती योग्य असल्याची खात्री करून घ्यावी.' खात्री कशी करून घ्यावी ते कुठेच नाही. त्याचा खरा अर्थ 'इसोबेसानना विचारावं' असा आहे, पण पुस्तिकेत फरशी पुसणाऱ्या बाईचं नाव घालणं शास्त्राला शोभलं नसतं.

बाईंचे स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आहेत. सव्वीस वर्षं गुडघे टेकून तांदूळ उलथल्यावर आणखी काय होणार? पण त्या गुडघ्यांसाठी कंपनीकडे काही नाही. नियम असा, की ही दुरुस्ती अपघाताने फुटलेल्या गुडघ्याला मिळते, कष्टाने झिजलेल्याला नाही. बाईंनी याबद्दल कधी कुरकुर केली नाही. जिना उतरताना त्या कठड्याला धरून तिरक्या उतरतात आणि तरण्या माणसांचे गुडघे वाढवायला आत जातात.

आता त्या एकतीस नंबरचं. कंपनीत रुग्णाचं नाव कोणालाच कळू देत नाहीत. डब्यावर फक्त नंबर, वय आणि कुठला पाय तेवढं असतं. एकतीस, पुरुष, वय एकोणतीस, उजवा गुडघा. डिसेंबरच्या बारा तारखेला तुकडा आला, पेशी सुट्या झाल्या, सहा बाटल्यांत विभागून कपाटात गेल्या. पहिल्या आठवड्यातच बाई काजितानींना म्हणाल्या, की ही मंडळी कामसू आहेत. काजितानी त्या चार विद्वानांपैकी एक. वय चव्वेचाळीस, मनाने सज्जन, पाठीच्या कण्याच्या बाबतीत जरा कमी. बाईंवर त्यांचा विश्वास होता, पण तो ते मार्गिकेत व्यक्त करायचे, मीटिंगमध्ये नाही.

नववर्षाचे तीन दिवस सगळं शहर बंद असतं. विद्वान आपापल्या सासुरवाडीला गेले. पेशींना सासुरवाडी नसल्यामुळे बाई तिन्ही दिवस सात वाजता हजर होत्या. बर्फ गुडघाभर पडला होता. पहिल्या दिवशी बस नव्हती म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चार किलोमीटर चालत आल्या, सहा बाटल्यांना खुराक घातला आणि तशाच चालत परत गेल्या.

पेशींचा खुराक म्हणजे गुलाबी पाणी, आणि त्यात त्याच रुग्णाच्या रक्तातून काढलेलं पिवळसर सीरम. एकतीस नंबरच्या सीरमच्या दोन पिशव्या होत्या. पहिली तुकड्याबरोबरच आलेली. ती संपली, तेव्हा आठ जानेवारीला अठ्ठावीस डिसेंबरची तारीख असलेली दुसरी पिशवी उघडली. नऊ तारखेला सकाळी बाईंनी कपाट उघडलं, तर सहाच्या सहा बाटल्या गढूळ. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारख्या.

गढूळ बाटली ही या धंद्यातली धोक्याची घंटा. एरवी तिथे कुणी धावत नाही, पण त्या दिवशी गुणवत्ता विभागाचे प्रमुख मिनोवा धावत आले. मिनोवासाहेबांनी आयुष्यात एकही बाटली हातात धरलेली नाही; त्यामुळेच बाटल्यांबद्दल त्यांची मतं अगदी शुद्ध राहिली आहेत. त्यांनी काचेतून पाहिलं, चेहरा पांढरा केला आणि एकच शब्द उच्चारला: नात्तो. दुपारी एक वाजता सगळ्यांची मीटिंग लागली.

बाईंनी तोवर मायक्रोस्कोपखाली पाहून घेतलं होतं. काजितानींनाही दाखवलं होतं. एकही जंतू नव्हता. पेशी तळाला घट्ट धरून, टुणटुणीत, उलट नेहमीपेक्षा जाडजूड. गढूळपणा होता तो बारीक बारीक थेंबांचा. जंतू वळवळतात, हे थेंब नुसते तरंगत होते. बाईंना वाटलं, एवढं सांगितलं की झालं.

मीटिंगमध्ये टेबलाभोवती नऊ माणसं बसली. एक कारकून इतिवृत्त लिहायला. मिनोवासाहेबांनी नियम वाचून दाखवला: बाटली गढूळ झाली आणि कारण निश्चित झालं नाही, तर माल दूषित धरावा आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता नष्ट करावा. जंतूंची पक्की तपासणी चौदा दिवस घेते. शस्त्रक्रिया नऊ दिवसांवर. म्हणजे कारण सापडलं नाही तर बाटल्या भट्टीत. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, की गेल्या आठवड्यात कोणी नात्तो खाल्ला होता का. बाई सोडून बाकी सगळ्यांनी टेबलाच्या लाकडात एकदम रस घेतला.

इसोबेबाईंनी हात वर केला आणि बोलायची परवानगी मागितली. आमच्याकडे ती ज्या शब्दाने मागतात त्या शब्दाने. "सुमिमासेन," त्या म्हणाल्या.

आता हा शब्द आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो. उपाहारगृहात पोऱ्याला हाक मारताना, बसमध्ये वाट काढताना, कोणी पडलेली छत्री उचलून दिली तर, आणि चुकून कधीतरी, खरोखरच माफी मागायची असेल तेव्हाही. कारकुनाने त्या शंभरांतला शेवटचा अर्थ घेतला आणि लिहिलं: 'इसोबे यांनी दिलगिरी व्यक्त केली.' मिनोवासाहेबांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली, की बाईंना क्षणभर वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो.

"बरं झालं, आपणहून सांगितलंत," मिनोवा म्हणाले.

"नाही साहेब, मी सांगत होते, की हे जंतूंचं काम नाही. जंतू असते तर—"

"घरी कोणी नात्तो खातं का?"

"घरी कोणी नाही खात."

"आणि बाहेर?"

बाईंना खोटं बोलता येत नाही. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत महागडं व्यसन. "मालक खातात. महिन्यातून एकदा, मित्राकडे. पण येताना अंघोळ करूनच येतात."

तेही इतिवृत्तात गेलं, अंघोळीसकट. काजितानी टेबलाकडे बघत राहिले. बाहेर मार्गिकेत आल्यावर ते बाईंना हळूच म्हणाले, की त्यांनाही जंतू दिसले नव्हते. बाई म्हणाल्या, की हे आत सांगितलं असतंत तर बाटल्यांच्या जास्त उपयोगी पडलं असतं. मग त्यांनी इतिवृत्तातली ओळ दुरुस्त करायला सांगितली. कारकून अदबीने म्हणाला, की एकदा व्यक्त केलेली दिलगिरी मागे घ्यायची तर तसा अर्ज लागतो, आणि अर्जाची सुरुवात दिलगिरीने करावी लागते.

बुधवारी दुपारी बाईंना पिशवीवरची तारीख आठवली. अठ्ठावीस डिसेंबर. पुरुष, वय एकोणतीस. त्यांनी पिशवीत उरलेलं सीरम एका नळीत घेतलं आणि फ्रिजमध्ये उभं ठेवून घरी गेल्या. हा प्रयोग कुठल्या पुस्तिकेत नाही. स्वयंपाकघरात सूप गार झालं की जे दिसतं ते पाहायचं, एवढंच. गुरुवारी सकाळी नळीत खाली स्वच्छ पिवळं पाणी आणि वर पांढरी साय धरलेली. चरबी! माणूस तुडुंब जेवून रक्त द्यायला गेला, तर रक्तात जे उतरतं ते.

अठ्ठावीस डिसेंबरला तोयामातला एकोणतीस वर्षांचा माणूस एवढं चरबीचं काय जेवतो, हे बाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. हिवाळ्यात आमच्या खाडीत बुरी मासा येतो. हातभर लांब, लोण्याने भरलेला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला मुलीच्या माहेरचे तो अख्खा मासा जावयाच्या घरी पाठवतात. जावयाने तो नाकारला, तर त्या घराण्यांचं बोलणं दोन पिढ्या बंद राहतं. बाईंनी काजितानींना इस्पितळात फोन करायला लावला. नाव विचारू नका, म्हणाल्या, फक्त नर्सला विचारा, एकतीस नंबरचं नवीन लग्न झालंय का?

नर्स फोनवर हसली. मग तिने त्याच्या घरी विचारून जे सांगितलं ते असं. हा जावई मागच्या वर्षी लग्न ठरल्यावर होणाऱ्या सासऱ्याच्या छपरावरचा बर्फ काढायला चढला आणि तिथून खाली आला. गुडघा फुटला तो तिथे. सासऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. लग्न झालं, अठ्ठावीस तारीख आली. सासरा स्वतः सगळ्यांत मोठा बुरी पाठीवर घेऊन सकाळी दारात हजर. दुपारी तीनला रक्त द्यायचं होतं, सकाळपासून उपाशी राहायला सांगितलं होतं. पण सासरा समोर बसला, एकेक तुकडा ताटात वाढत गेला, आणि जावई त्याच्या केविलवाण्या चेहऱ्याकडे बघून खात गेला. इस्पितळात नर्सने विचारलं, पोट रिकामं आहे ना? तो म्हणाला, हो. एवढ्या मानाने आणलेला मासा सासऱ्यासमोर नाकारता आला नाही, असं नर्सला कोण सांगणार?

बाई नळी घेऊन मिनोवासाहेबांकडे गेल्या. काजितानीही गेले, या वेळी आतपर्यंत. साहेबांनी नळी उजेडात धरली, साय पाहिली, सगळं ऐकलं आणि त्यांना पटलं. खरी अडचण तिथून सुरू झाली. कारण हेच कारण लिहायचं म्हणजे रुग्ण खोटं बोलला असं लिहायचं. आणि रुग्ण हा ग्राहक. इस्पितळाने नीट विचारलं नाही असं लिहायचं. आणि तिथले शस्त्रक्रिया करणारे प्राध्यापक दर शरद ऋतूत कंपनीच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवतात. शिवाय ती पिशवी आली तेव्हा मिनोवांच्याच विभागाने तिच्यावर 'स्वच्छ, पारदर्शक' असा शिक्का मारला होता. तो न पाहता मारला होता, हे कोणी म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती.

"हे असं लिहिणं," साहेब नळी टेबलावर ठेवत म्हणाले, "कितीजणांना अडचणीत टाकेल, याचा आपण विचार करायला हवा."

"आणि नाही लिहिलं तर?" बाईंनी विचारलं.

नाही लिहिलं तर कारण अनिश्चित, आणि उद्या बारा वाजता भट्टी. बाईंनी विचारलं, इस्पितळ परत तुकडा काढेल का? काजितानींनी नकाराची मान हलवली. प्राध्यापक एकाच गुडघ्यातून दोनदा तुकडा घेत नाहीत. शाबूत असलेलं थोडंसं तेही कुरतडायचं कशाला? म्हणजे जावई जन्मभर लंगडणार, आणि सासरा जन्मभर ते बघणार.

मग मिनोवासाहेबांनी तिसरा मार्ग सांगितला. तो त्यांच्या खणात टाईप होऊन तयार होता, यावरून साहेब किती दूरदृष्टीचे आहेत ते कळतं. कागदावर होतं, की खुराक पुरेसा कोमट न करता घाईने वापरल्यामुळे तो तात्पुरता गढूळ झाला. चूक काम करणाऱ्या व्यक्तीची. घरातल्या नात्तोच्या सवयीचाही विचार व्हावा. संबंधित व्यक्तीस पेशींच्या खोलीतून हलवून कपडे धुण्याच्या विभागात द्यावं. कारण निश्चित, उपाय निश्चित. तसं झालं तर जंतूंच्या झटपट तपासणीवर बाटल्या सोडता येत होत्या. सही आणि शिक्क्यासाठी एक चौकोन मोकळा ठेवला होता.

बाईंनी कागद दोनदा वाचला. अकरा वर्षं त्या खोलीत काढलेली. ती सोडली तर या वयात दुसरी कोणी देणार नव्हतं. आणि ज्याची चूक असायला हवी तो प्रत्येकजण त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, नाहीतर त्याही पलीकडे आपापल्या खुर्चीत सुरक्षित बसलेला. बाईंना राग आला. तो त्यांनी लपवलाही नाही. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या, काजितानी सांगतात. पण बाटल्यांची दुपारच्या खुराकाची वेळ टळत चालली होती.

"ही ओळ काढा," त्यांनी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, की या चुकीमुळे पेशी दुबळ्या होण्याची शक्यता निर्माण झाली.

"ती तर नुसती रीतीची ओळ आहे."

"माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा साहेब. पण त्या दुबळ्या नाहीत. असल्या दणकट पेशी मी अकरा वर्षांत पाहिल्या नाहीत. त्यांच्याबद्दल खोटं असेल तर शिक्का नाही मारणार."

ओळ काढली. कागद परत टाईप झाला. बाईंनी पर्समधून आपल्या नावाचा शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि चौकोनात बरोबर मध्ये उमटवला. मिनोवासाहेब, त्यांचा उपप्रमुख आणि काजितानी उठून उभे राहिले आणि कमरेतून इतके खोल वाकले, की मंत्री आला होता तेव्हाही एवढे वाकले नव्हते. ते परत ताठ होईपर्यंत बाई थांबल्या नाहीत. त्या दुपारचा खुराक घालायला निघून गेल्या; तो त्यांचा शेवटचा.

दारात काजितानी मागोमाग आले. बाईंनी त्यांना सांगितलं, उद्यापासून सातला यायचं, आठला नाही. पाचव्या बाटलीतली मंडळी सावकाश वाढतात, त्यांना घाई करू नका. काजितानींनी सगळं तळहातावर लिहून घेतलं. पुढचा आठवडाभर रोज सकाळी साडेसातला ते कपडे धुण्याच्या विभागाच्या खिडकीशी यायचे, बाटल्या कशा दिसतात ते सांगायचे, आणि बाई वाफेतून हात न काढता सांगायच्या, आज थांबा, किंवा आज घाला. त्या भेटींचं इतिवृत्त कोणी लिहिलं नाही. सतरा तारखेला दुपारी उबेची पेटी गाडीत चढली आणि बर्फातून इस्पितळाकडे गेली. बाई तेव्हा पांढऱ्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पेटी गेली हे त्यांना काजितानींनीच येऊन सांगितलं, आणि त्यांनी हातातली घडी पुरी केली.

वर्षाने इस्पितळाहून फोटो आला. गुडघ्याच्या आत दुर्बीण घालून काढलेला. जिथे खळगा होता तिथे पांढरी, गुळगुळीत, चमकणारी कूर्चा; जुनी कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली ते सांगता येत नव्हतं. प्राध्यापकांनी लिहिलं, की एवढी चांगली दुरुस्ती त्यांनी पाहिलेली नाही. कंपनीने फोटो मोठा करून प्रवेशाच्या मार्गिकेत लावला आणि खाली चार विद्वानांची नावं टाकली, मिनोवासाहेबांचं पाचवं. साहेबांचं नाव कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. बाई रोज कपड्यांची ढकलगाडी घेऊन त्या फोटोसमोरून जातात. एकदा त्या थांबून त्याच्याकडे बघत होत्या, तर नव्या बॅचच्या एका मुलीने त्यांना कौतुकाने समजावून सांगितलं, की हा गुडघा आहे.

जानेवारीत कंपनीत 'चुकांपासून शिकू या' असा दिवस असतो. त्या वर्षी उदाहरण म्हणून एकतीस नंबरचा दोषअहवाल सगळ्यांसमोर वाचला गेला, नाव-गावासकट. बाई पहिल्या रांगेत, कारण संबंधित व्यक्तीने पहिल्या रांगेत बसायचं असतं. वाचन संपल्यावर सगळे गेले, तेव्हा त्या कारकुनापाशी गेल्या आणि म्हणाल्या, की या कागदाची एक प्रत हवी आहे. कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. स्वतःच्या चुकीची प्रत मागायला आजवर कोणी आलं नव्हतं. त्यासाठी अर्जाचा नमुनाही नव्हता. शेवटी त्याने चटकन यंत्रावर टाकून काढून दिली.

घरी आल्यावर बाईंनी तो कागद फ्रेमवाल्याकडून आणलेल्या चौकटीत बसवायला घेतला. हिदेओ चष्मा शोधत आले. त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि दचकून म्हणाले, "अगं, हा तर तुझा दोष लिहिलेला कागद. हा भिंतीवर लावतात का?"

"कंपनीत हजारो कागद आहेत," बाई काच पुसत म्हणाल्या, "त्या गुडघ्याशेजारी माझं नाव फक्त या एका कागदावर आहे. खिळा कुठे ठेवलात?"